फोर्टमधलं ऑफिस

‘वीकेंड गेटवे’च्या पानासाठी एक मस्त, जुना, ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा होता. मिळाला. पण तो ना जंजिऱ्याचा निघाला, ना वसईचा. आणि त्याची गोष्ट कळल्यावर तो त्या पानावर टाकायचा धीर कुणालाच झाला नाही...

गुरुवारची संध्याकाळ. आमच्याकडे गुरुवार म्हणजे पानं सोडायचा दिवस. चहा जास्त, जेवण कमी आणि प्रत्येकाचा आवाज एक पट्टी वर. त्या आठवड्यात जलदुर्गांवर पान होतं. नेहमीचंच हो, ‘शुक्रवारी रात्री निघा, रविवारी रात्री परत या’ छापाचं. मजकूर तयार होता, राहण्याच्या सोयी तयार होत्या, सुरमईच्या थाळीचा फोटो तर सगळ्यात आधी तयार होता. अडलं होतं ते वरच्या मोठ्या फोटोवर. आमच्या डिझायनरला तो ब्लॅक अँड व्हाइटच हवा होता. ‘‘निळं पाणी, निळं आभाळ सगळेच टाकतात रे. मला मूड पाहिजे,’’ असं तिचं म्हणणं.

आणि अर्ध्या तासात तिला मूड सापडला!

फोटो खरंच कमाल होता. दुमजली दगडी भिंत, छप्पर कधीच उडून गेलेलं. कमानीच्या खिडक्या आणि त्यातून आरपार दिसणारं पांढरंफटक आभाळ. भिंतीवरून मेण ओघळावं तशी खाली आलेली झाडांची मुळं. खाली गवतात एक तोफ, दमून आडवी झाल्यासारखी. आणि एका कोपऱ्यात पाण्याची चमक.

मग काय, ऑफिसातले सगळे तिच्या स्क्रीनभोवती गोळा. ‘‘जंजिरा!’’ पहिला आवाज आला. ‘‘छ्या, जंजिऱ्याचे बुरुज बघितलेस का कधी?’’ दुसरा. कॉपी डेस्कवर आमचा एक मित्र आहे. पायात कायम ट्रेकिंगचे बूट. मीटिंगलासुद्धा. त्याने चष्मा वर करून फोटो नीट बघितला आणि निकाल दिला, ‘‘हे आपलं बांधकाम नाही. कमानी बघा. युरोपियन आहे. वसई, नाहीतर रेवदंडा.’’ मी मात्र तेव्हाच मथळा सुचवून मोकळा झालो होतो, ‘भग्न तटांवरची एक रोमँटिक संध्याकाळ’. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

कारण नंतर डिझायनरने मूळ फाइल उघडली. खाली एक ओळ होती : बन्स आयलंड, सिएरा लिओन.

सिएरा लिओन? कुठे आलं हे? पश्चिम आफ्रिकेत. मग हा किल्ला कुणाचा? इंग्रजांचा. आणि इंग्रजांनी तिथे एवढ्याशा बेटावर किल्ला कशाला बांधला असेल?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि जलदुर्गांच्या पानावर शेवटी सुवर्णदुर्ग गेला. रंगीत. निळं पाणी, निळं आभाळ.

लोकेशन, लोकेशन, लोकेशन

जागा घेताना ब्रोकर तीनच गोष्टी सांगतो. त्या तिन्ही बन्स बेटाकडे होत्या. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन. तिथे एक प्रचंड मोठी खाडी जमिनीत आत शिरते. जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक. या खाडीतून साधारण ३० किलोमीटर आत गेलं की बन्स बेट लागतं. मोठी समुद्री जहाजं इथपर्यंतच येऊ शकायची. पुढे पाणी उथळ. उलट आतल्या मुलखातून नद्यांनी येणाऱ्या होड्यांना हे बेट अगदी वाटेवरच. म्हणजे समुद्राचा माल आणि नदीचा माल जिथे एकमेकांना भेटणार, बरोबर तो नाका!

बेट केवढं? लांबी सुमारे ५०० मीटर, रुंदी १०० मीटर. क्षेत्रफळात आपल्या शिवाजी पार्कच्या निम्मंसुद्धा भरायचं नाही. या टिकलीएवढ्या जागेवर १६७०च्या सुमारास इंग्रजांनी बस्तान बसवलं आणि तिथल्या स्थानिक राजांना रीतसर भाडंही दिलं. हो, भाडं. गोऱ्या लोकांनी येऊन नुसता झेंडा रोवला, असं इथे झालं नाही. किनाऱ्यावरचे राजे, दलाल आणि व्यापारी या धंद्यात भागीदार होते. आतल्या मुलखात लढायांमध्ये, धाडींमध्ये पकडलेली माणसं तेच विकायला आणायचे.

हां, तर माल म्हणजे माणसं. बन्स बेट हा गुलामांच्या व्यापाराचा अड्डा होता. फोटोतली ती सुंदर भिंत त्या धंद्याच्या मुख्य इमारतीची आहे.

किल्ला कसला, वखार!

आपल्याकडे ‘किल्ला’ म्हटलं की छाती फुगते. गनिमाशी झुंज, वेढा, शेवटचा माणूस पडेपर्यंत दरवाजा न उघडणं वगैरे. त्यामुळे पडका तट दिसला की आपण आपोआप हळवे होतो. बन्सच्या तटाला मात्र हा हिशेब लावता येत नाही. त्याच्यासाठी आपल्याच भाषेत एक नेमका शब्द आहे : वखार. शाळेत वाचलेली सुरतेची वखार, राजापूरची वखार आठवतेय? तोच प्रकार. खाली गोदाम, वर साहेबांची राहायची सोय, दारात तोफा आणि टेबलावर जमाखर्चाच्या वह्या.

तारखासुद्धा किती जवळच्या बघा. दुसऱ्या चार्ल्स राजाला मुंबई लग्नात आंदण मिळाली. १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. त्याच राजाच्या काळात, जवळपास त्याच सुमारास, बन्स बेटावर इंग्रजांचं ठाणं उभं राहिलं. १६७२ साली रॉयल आफ्रिकन कंपनीला सनद मिळाली. तिचा प्रमुख होता राजाचा सख्खा भाऊ, जेम्स. लंडनच्या एकाच बाजारपेठेतून एक कंपनी आपल्याकडे बघत होती, दुसरी आफ्रिकेकडे.

आणि या दोघींचं एकमेकींशी गिऱ्हाईकपण होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला पैसे चालायचे नाहीत, माल लागायचा. बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी, काचेचे मणी आणि मुख्य म्हणजे कापड. हे कापड बऱ्याचदा आपल्याकडचं असायचं. गुजरातचं, कोरोमंडलचं. ईस्ट इंडिया कंपनीने ते लंडनला न्यायचं, तिथे लिलावात विकायचं आणि तिथून ते पश्चिम आफ्रिकेला रवाना. आपल्या देशातल्या कुठल्यातरी विणकराच्या मागावर निघालेलं ठाण शेवटी कुणाच्या बदल्यात मोजून दिलं गेलं, हे त्या बिचाऱ्याला कधी कळणारही नव्हतं.

अजून जवळचं उदाहरण हवंय? आजीच्या डब्यातली गिन्नी. सणावाराला बाहेर निघणारी, गळ्यातल्या माळेत ओवलेली. तो शब्द आला ‘गिनी’ नावाच्या इंग्रजी सोन्याच्या नाण्यावरून. १६६३ पासून पाडलेल्या त्या नाण्याला हे नाव मिळालं, कारण त्यासाठी सोनं यायचं पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून. आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या कंपनीने आणलेल्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली एक छोटासा हत्ती असायचा. तो त्या कंपनीचा लोगो!

साहेबांचा गोल्फ

रॉयल आफ्रिकन कंपनीचा कारभार इथे १७२८ पर्यंत चालला. त्या वर्षी होसे लोपेझ नावाच्या आफ्रिकन-पोर्तुगीज व्यापाऱ्याने हल्ला करून कंपनीला हुसकावलं. १७४८ साली लंडनच्या काही भागीदारांनी हे बेट घेतलं. त्यात सगळ्यात वजनदार माणूस रिचर्ड ओस्वाल्ड, मूळचा स्कॉटलंडचा. सरकारी कंपनीला न जमलेला धंदा या प्रायव्हेट पार्टीने झकास चालवला. १७४८ ते १७८४ या काळात इथून सुमारे १३ हजार माणसं जहाजांवर चढवली गेली.

बेटावरची रचना बघा. मधोमध ‘बन्स आयलंड हाउस’. वरच्या मजल्यावर मुख्य एजंट आणि त्याचे अधिकारी राहायचे. घराच्या पुढे नदी, तोफा, जहाजं. घराच्या मागे भिंतीने बंद केलेली दोन उघडी अंगणं. मोठं अंगण पुरुषांसाठी, छोटं बायका आणि मुलांसाठी. जहाज येईपर्यंत माणसं तिथे साखळीत ठेवायची.

आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूला? गोल्फ कोर्स! खोटं नाही. १७७०च्या दशकात हेन्री स्मीथमन नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की दोन होलचा गोल्फ खेळायचे आणि साहेबांच्या काठ्या घेऊन मागे फिरणाऱ्या आफ्रिकन पोरांना स्कॉटिश चौकड्यांचं कापड नेसवलेलं असायचं. घरची आठवण आली की माणूस काय काय करतो! दिवसभराचं काम झालं की खेळ, मग जेवण, वाइन, गप्पा. आजच्या भाषेत एम्प्लॉयी एंगेजमेंट.

मग तोफा कुणासाठी? त्या होत्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांसाठी. फ्रेंचांनी हे ठाणं चार वेळा उद्ध्वस्त केलं : १६९५, १७०४, १७७९ आणि १७९४. समुद्री चाच्यांनी दोनदा लुटलं, त्यातला एक हल्ला १७२० साली बार्थोलोम्यू रॉबर्ट्सने केलेला. प्रत्येक वेळी नवीन भिंती उभ्या राहिल्या. आज जे पडकं बांधकाम दिसतं, ते १७९४च्या हल्ल्यानंतरचं. सहा वेळा मोडूनही सातव्यांदा पैसे घालावेसे वाटले, म्हणजे नफा काय असेल याची कल्पना करा.

खिडकीतून दिसलेलं

आता त्या फोटोतल्या खिडक्यांकडे येऊ. मला सगळ्यात आधी आवडल्या होत्या त्या खिडक्या.

१७९१ साली अ‍ॅना मारिया फाल्कनब्रिज नावाची एक तरुण इंग्रज बाई या घरात पाहुणी म्हणून आली. तिचा नवरा आधी गुलामांच्या जहाजांवर डॉक्टर होता आणि नंतर त्याच धंद्याविरुद्ध बोलायला लागला होता. बाईंना साहेब लोकांनी अगत्याने जेवायला बोलावलं. जेवणाच्या वेळी त्या सहज खिडकीशी गेल्या आणि खाली बघितलं. खाली मागचं अंगण होतं. दोन-तीनशे माणसं साखळीने बांधून गोल गोल बसवलेली. प्रत्येक गोलाच्या मधोमध एक कुंड आणि त्यात भात. त्यावर ती माणसं तुटून पडलेली.

हे सगळं त्यांनी १७९४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. खिडकी उघडीच होती, दृश्य रोजचंच होतं. बाई नवीन होत्या म्हणून दचकल्या. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांना त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण थांबा, लगेच त्यांना हिरॉइन करू नका. पुढे याच बाई विधवा झाल्या, दुसरं लग्न केलं, इंग्लंडला परत जाताना गुलाम नेणाऱ्या जहाजातूनच प्रवास केला आणि हा व्यापार लोक म्हणतात तितका वाईट नाही, अशा मताला आल्या. तेही त्याच पुस्तकात आहे. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून खाली टपरीवर गेलो. पहिल्या दिवशी जे बघून घास उतरत नाही, त्याची सवय व्हायला किती दिवस लागतात? नवीन नोकरीत लागलेल्या प्रत्येकाला हा हिशेब थोडाफार माहीत असतो. पहिल्या आठवड्यात आपण म्हणतो, ‘‘हे असं करतात इथे?’’ सहाव्या महिन्यात नव्याने आलेल्याला आपणच सांगतो, ‘‘अरे, हे असंच असतं.’’

आपल्या नोकऱ्यांची त्या धंद्याशी तुलना करायचा माझा विचार नाही. ती करूच नये. पण मागच्या अंगणाकडे न बघता जेवता येणं, ही गोष्ट राक्षसांना जमत होती असं समजून आपण फार लवकर सुटतो. ती जमत होती पगारी माणसांना. कुणी माल मोजत होता, कुणी पत्रं लिहीत होता, कुणी जहाजांचं वेळापत्रक बघत होता.

दहा टक्के कमिशन

या धंद्याचं दुसरं टोक होतं अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरात. बन्स बेटावरची बरीच माणसं वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत गेली. पण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या जमीनदारांना याच किनाऱ्यावरची माणसं खास हवी असायची. कारण? भात!

सिएरा लिओन आणि आसपासच्या किनाऱ्याला ‘राइस कोस्ट’ म्हणायचे. खाजणाला बांध घालायचा, भरती-ओहोटीचं गणित सांभाळायचं, लावणी, कापणी, उखळ-मुसळात सडणं, सुपात पाखडणं... हे सगळं तिथल्या लोकांच्या हातात होतं. कोकणातल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या दलदलीत भात पिकवून श्रीमंत व्हायचं तर ही विद्या पाहिजे. म्हणून विद्या असलेली माणसंच विकत घेतली गेली. त्यांच्या वंशजांना आज गल्ला म्हणतात. त्यांची भाषा, त्यांचं भाताचं जेवण, त्यांच्या गवताच्या विणलेल्या टोपल्या, सगळ्यात अजून तो किनारा ओळखू येतो.

चार्ल्स्टनमध्ये ओस्वाल्डचा एजंट होता हेन्री लॉरेन्स. जहाज आलं की जाहिरात करायची, लिलाव करायचा, आपलं दहा टक्के कमिशन कापून बाकीचा हिशेब लंडनला पाठवायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

पुढची गोष्ट सिनेमात दाखवली तर आपण म्हणू, काहीही! अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध झालं. लॉरेन्स अमेरिकेच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला. १७८० साली समुद्रात इंग्रजांच्या हाती सापडला आणि लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला. त्याचा जामीन कुणी भरला? जुन्या बिझनेस पार्टनरने, रिचर्ड ओस्वाल्डने. मग १७८२ साली पॅरिसमध्ये तहाची बोलणी सुरू झाली. इंग्लंडतर्फे टेबलावर ओस्वाल्ड. अमेरिकेतर्फे बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स, जॉन जे आणि अगदी शेवटी येऊन पोचलेला लॉरेन्स. एका देशाच्या स्वातंत्र्याचा मसुदा ठरत होता आणि टेबलाच्या दोन बाजूंना बन्स बेटाचे दोन जुने व्यवहारी बसले होते. लॉरेन्सने शेवटच्या क्षणी एक कलम घालून घेतलं : माघारी जाताना ब्रिटिश फौजेने अमेरिकनांचे गुलाम किंवा इतर मालमत्ता बरोबर नेऊ नये. ओस्वाल्डने ते मान्य केलं.

बेंजामिन वेस्टने या वाटाघाटींचं चित्र काढायला घेतलं होतं. अमेरिकन मंडळी रंगवून झाली, लॉरेन्सही त्यात आहे. ब्रिटिशांची बाजू मात्र कधीच रंगवली गेली नाही. आजही कॅनव्हासचा तो भाग तसाच कोरा आहे.

प्रिसिला, वय १०

एवढ्या सगळ्यात नावं कुणाची कळली? एजंटांची, कॅप्टनांची, पार्टनरांची. बेटावर युरोपियन लोकांचं कब्रस्तान आहे. तिथल्या दगडांवर नावं आहेत, साली आहेत. मागच्या अंगणातून गेलेल्या हजारोंपैकी जवळजवळ कुणाचंच नाव कुठे नाही. वहीत फक्त आकडे.

पण एका मुलीचा माग लागला. १७५६ साली ‘हेअर’ नावाचं जहाज सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून माणसं भरून चार्ल्स्टनला पोचलं. विक्री केली लॉरेन्सच्या फर्मने. त्यातली काही मुलं एलायस बॉल नावाच्या भात पिकवणाऱ्या जमीनदाराने विकत घेतली आणि आपल्या वहीत लिहून ठेवली. त्यात एक मुलगी. वय १०. नाव त्यानेच ठेवलं, प्रिसिला. तिचं आई-बापांनी ठेवलेलं नाव त्या वहीत नाही.

प्रिसिला १८११ पर्यंत जगली. तिला दहा मुलं झाली. बॉल घराण्याने पिढ्यान् पिढ्या आपल्या वह्या जपून ठेवल्या, म्हणून तिच्या मुलांची, नातवंडांची नोंद सापडत गेली. बॉल घराण्यातल्याच एडवर्ड बॉल या लेखकाने १९९८च्या पुस्तकात ती साखळी जोडली. जहाजाची कागदपत्रं वेगळीकडे मिळाली. एका आफ्रिकन मुलीपासून तिच्या आजच्या वंशजापर्यंत कागदांचा इतका सलग धागा मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. २००५ साली प्रिसिलाची सातव्या पिढीतली वंशज, चार्ल्स्टनमध्ये नोकरी करणारी एक तरुणी, सिएरा लिओनला गेली. तिथे तिचं माहेरवाशिणीसारखं स्वागत झालं. बन्स बेटावरही ती जाऊन आली. जिथून माणसं फक्त जायची, तिथे जवळजवळ अडीचशे वर्षांनी त्यांच्यातल्याच एकीची कुणीतरी परत आली.

ज्या वहीत मालाची खरेदी म्हणून तिची नोंद झाली, त्याच वहीमुळे ती सापडली. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे अर्थातच नव्हतं.

मुळांनी धरलेली भिंत

१८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १ मे १८०७ पासून ती लागू झाली आणि १ जानेवारी १८०८ रोजी जवळचं फ्रीटाऊन ब्रिटिश राजवटीची वसाहत झालं. बन्सच्या मालकांनी कापसाची लागवड, लाकूड कापायची गिरणी असे जोडधंदे करून पाहिले. जमलं नाही. १८४०च्या सुमारास बेट ओस पडलं. मग पाऊस, रान आणि मुळं.

ते सगळं साफ करायला शंभरेक वर्षांनी एक माणूस पुढे आला. डॉ. एम. सी. एफ. इस्मन. फ्रीटाऊनचे. पेशाने डॉक्टर, आवडीने इतिहास अभ्यासक. त्यांनी माणसं नेऊन रान तोडलं, अवशेषांचा नकाशा केला, फोटो काढले. त्यांच्याच प्रयत्नांमुळे १९४८ साली बन्स बेटाला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. सिएरा लिओनमधली संरक्षण मिळालेली ही पहिली ऐतिहासिक जागा. पुढे जोसेफ ओपाला या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं या बेटाचा आणि गल्ला लोकांचा संबंध खणून काढला. २००८ साली ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत बन्सचं नाव घातलं.

धोका कशाचा? नदी किनारा कुरतडते. पाऊस भिंतींच्या सांध्यातला चुना धुऊन नेतो. आणि ती फोटोत सुंदर दिसणारी मुळं! ती दगड फोडतात, पण आता काही ठिकाणी त्याच मुळांनी भिंत धरून ठेवलीय. कापली तर भिंत कोसळेल, ठेवली तर हळूहळू फुटेल. तुमच्या-आमच्या गडांवर डागडुजी करणाऱ्या पोरांना विचारा, हे कोडं त्यांच्या चांगलं ओळखीचं आहे.

*चौकट : बन्स बेट, थोडक्यात*
• कुठे : सिएरा लिओन, पश्चिम आफ्रिका. फ्रीटाऊनहून खाडीतून होडीने साधारण ३० कि.मी.
• कधी : १६७०च्या सुमारास सुरुवात, १८०८ साली गुलामांचा व्यापार बंद, १८४०च्या सुमारास ओस.
• काय उरलंय : मुख्य घराच्या भिंती, मागच्या अंगणांच्या भिंती, दारूगोळ्याचं कोठार, कब्रस्तान आणि तिसऱ्या जॉर्ज राजाच्या राजचिन्हाच्या तोफा.
• कोण राहतं : कुणीही नाही.

मथळा काय देऊ?

मुंबईत निम्म्या पब्लिकची पहिली नोकरी फोर्टात असते. माझीही होती. चर्चगेटला उतरून घाईघाईने चालत जायचं, कोपऱ्यावरचं सँडविच, महिनाअखेरीला उधारीवर. त्या तीन वर्षांत ‘फोर्ट’ म्हणजे किल्ला, हे मला एकदाही आठवलं नाही. इथला तट १८६०च्या दशकात पाडला गेला. उरलं फक्त नाव आणि आत ऑफिसं. बन्स बेटावर उलटं झालं. तिथलं ऑफिस विसरलं गेलं आणि किल्ला तेवढा उरला. म्हणून त्याचा फोटो इतका देखणा येतो.

मी काही तुम्हाला उद्यापासून गडावर सेल्फी काढू नका म्हणून सांगणार नाही. खुशाल काढा. वसईला जा, कोर्लईला जा, रेवदंड्याला जा, संध्याकाळच्या उन्हात त्या कमानी खरंच वेड लावतात. फक्त फोटो काढून झाला की एकदा त्या खिडकीशी जाऊन उभे राहा आणि खाली काय होतं ते विचारा. सांगणारा कुणीतरी भेटतोच.

हा अंक लागताना डिझायनरने तो जुना फोटो पुन्हा स्क्रीनवर घेतला. या वेळी पान वेगळं होतं. ‘‘रोमँटिक संध्याकाळ कॅन्सल ना?’’ तिने विचारलं. मी मान हलवली. ‘‘मग खाली काय ओळ देऊ?’’

थोडा वेळ दोघंही बघत बसलो. फोटो नदीच्या बाजूने काढलेला आहे. पुढची भिंत, खिडक्या, तोफ, मुळं, पाणी, सगळं आहे त्यात. मग तिनेच टाइप केलं :

‘बन्स आयलंड, सिएरा लिओन. मागचं अंगण या फोटोत दिसत नाही.’